पोटनियम

चुरीमामा,

काल तुमच्या जागी आलेला नवा सल्लागार शेडमध्ये येऊन गेला. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, पण कारखान्याचे नियम कुणाचं सुतक पाळत नाहीत. पोरगा तरुण आहे, वकिलीची परीक्षा दिलेला, सफारी घालतो, चहा बिनसाखरेचा मागतो. माझा त्याच्यावर तिथूनच विश्वास उडाला. त्यानं दारापासून तपासायला सुरुवात केली. पिण्याच्या पाण्याची पाटी, ठीक. चुना मारल्याची तारीख, ठीक. मग तो बटणं पाडायच्या प्रेसच्या मागच्या भिंतीवरच्या निळ्या पाटीसमोर थांबला, ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हे कुठल्या कायद्यात आहे?"

खरं सांगतो मामा, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. इतकी वर्षं मी हेच विचारत होतो आणि तुम्ही मला टोलवत होतात. म्हणजे माझा संशय खरा होता! हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की ज्याला सांगायचं तो माणूसच आता राहिला नाही. मी नुसतं "बघतो" म्हटलं.

"बघायचं काही नाही," तो म्हणाला. "काढून टाका. कायद्यात नाही ते तुम्ही लेखी देऊन बसलात. उद्या गळ्याशी आलं तर मागे घेता येणार नाही. मी पुढच्या वेळी येईन तेव्हा ही पाटी इथे नको."

प्रेसवरच्या बायकांनी मान वर केली नाही. पण प्रेसचे आवाज थांबले होते, ते मला ऐकू आलं.

तेव्हापासून डोक्यात तुम्हीच आहात. रडू येतं आणि रागही येतो. रडू मला लगेच आवरता येतं, राग आवरत नाही. जायच्या आधी एकदा खरं काय ते सांगून जायला तुमचं काय जात होतं?

आणीबाणी उठली त्यानंतरच्या वर्षात तुमची माझी गाठ पडली. माझ्या बापाचा जन्म वसईजवळ पापडीच्या वाडीत केळी आणि पानवेली करण्यात गेला. मी वाडीच्या कडेला शेड घालून प्लास्टिकची बटणं पाडायला घेतली. शर्टाची बटणं, फ्रॉकची बटणं. बायका हाताच्या प्रेसवर उभ्या राहून ती पाडायच्या आणि बाकीच्या ती कार्डावर शिवायच्या. दोन प्रेस होते तोवर मी सुखी होतो. चार झाले, माणसं वाढली, कारखान्याचा कायदा लागू झाला आणि माझी झोप उडाली. कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. मुंबईच्या गिरणीतल्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले, सोपाऱ्याचे चुरी, कायद्याचं सगळं बघतात. तुम्ही सायकलवरून आलात, पँटच्या पायाला क्लिप लावलेली, आणि दारातूनच ओरडलात, "दुरुस्ती आली!" मला वाटलं, प्रेस दुरुस्त करणारा आला. मी तुम्हाला बिघडलेल्या प्रेसपाशी नेऊन उभं केलं. तुम्ही प्रेसकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जोसेफशेट, ही नव्हे. कायद्याची."

मग ते तुमचं घोषवाक्यच झालं. दर खेपेला दुरुस्ती. कधी बोनसची, कधी हजेरीची, कधी मी कधी ऐकलीही नव्हती अशा कशाची तरी. मी एक नियम पाळायला शिकेपर्यंत तुम्ही दुसरा घेऊन हजर. मला वाटायचं, डॉक्टरला जसा रोग तसा तुम्हाला नियम. जितके वाढतील तितक्या तुमच्या फेऱ्या वाढतील. तुम्ही पिकदाण्यांचं काढलंत तेव्हा तर माझी खात्रीच पटली. कारखान्यात जागोजाग पिकदाण्या ठेवायच्या म्हणे, आणि त्या स्वच्छ ठेवायच्या. माझ्याकडे थुंकणारं होतं कोण? मी एकटाच, तोही तुमची पाठ वळल्यावर. मी मुद्दाम हायवेकडच्या एका ओळखीच्या शेडमध्ये चौकशीला गेलो. त्याच्या दारात दोन पिकदाण्या होत्या. एकीत त्यानं सदाफुली लावली होती. नियम खरा निघाला.

शुक्रवारच्या सुट्टीचं तसंच. वीज पुरत नाही म्हणून आपल्या भागातल्या कारखान्यांनी आठवड्याची सुट्टी शुक्रवारी घ्यायची, रविवारी काम करायचं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी तुमच्यावर ओरडलो होतो. निम्म्याहून जास्त बायका ख्रिस्ती, मी ख्रिस्ती, आणि रविवारी प्रेस चालवायचे? तोही नियम खरा निघाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सुट्टीचा वार त्यांचा. काम सुरू करायची वेळ आपली. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सुरू करा." पुढे फादरांकडून कळलं की तुम्ही आधीच त्यांना भेटून मिस्सेची वेळ विचारून आला होतात. चुरी आडनावाचा हिंदू माणूस टोपी हातात घेऊन पापडीच्या चर्चच्या पायरीवर कशाला गेला होता, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. संशय तेवढा घेतला.

आणि इन्स्पेक्टर! तुम्ही एखादी पाटी लावायला सांगावी आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं नेमकी तीच पाटी शोधत यावं. तुमचं आणि त्याचं साटंलोटं आहे असं मी एकदा तोंडावर बोललो. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "शेट, छत्री आणून देणाऱ्यालाच तुम्ही पाऊस पाडला म्हणता." मी हसलो. पण घरी येऊन बायकोला, मोनिकाला, म्हटलं, हा माणूस उत्तर फार पटकन देतो. ते साटंलोटं होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही.

आता त्या पाटीचं.

एकदा मोठी ऑर्डर आली. दिवाळीच्या आधी कार्डं द्यायची होती. एका पाळीत काम उरकेना म्हणून आपण दोन पाळ्या लावल्या, सकाळची आणि दुपारची, दिवेलागणीआधी सगळ्या घरी. तुम्ही म्हणालात, पाळ्यांची पाटी मराठीत लावावीच लागते. मजकूर तुम्ही दिलात, तुमच्या त्या गिरणीच्या मराठीत. पेंटरनं निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवला. वेळा वर होत्या आणि खाली शेवटची ओळ अशी होती: "स्त्री कामगारांनी पाळी चुकल्यास मालकास त्वरित कळवावे."

सकाळी शेडमध्ये पोचलो तर काम बंद. बायका पाटीखाली उभ्या. फिलोमिना मोठ्यानं वाचत होती आणि बाकीच्या पदर तोंडात कोंबून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला बघून गलका थांबला, पण कुणाच्या डोळ्याला डोळा लावायची माझी हिंमत झाली नाही. एकटी हिराबाई हसत नव्हती. मिठागराकडच्या गावातून चालत येणारी, सगळ्यांत जुनी बाई ती. ती समोर येऊन उभी राहिली.

"शेट, कलवायचं कोनाला? तुमाला का त्या चुरीला? आनि त्वरित म्हंजे रातीचं उठून?"

मी ऑफिसात गेलो आणि दार लावून घेतलं.

दुपारी तुम्ही आलात. मी तुम्हाला फक्त बोटानं पाटी दाखवली. तुम्ही वाचलीत. परत वाचलीत. तुमचे कान मागून लाल झालेले मला दिसले. त्या क्षणी तुम्ही "चुकलं हो" म्हणाला असतात तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण गिरणीच्या टाइम ऑफिसातला माणूस लिहिलेलं मागे घेत नाही. तुम्ही घसा खाकरलात. "शब्द बरोबर आहे. पाळी म्हणजे पाळी."

तेवढ्यात रोझी आली. वटार गावची, नवीनच लागलेली, कुणी काही लिहून लावलं की ते खरं मानणारी. चेहरा पांढरा पडलेला, एक हात पोटावर. बाहेर बाकीच्या तिला मागे ओढत होत्या, पण ती आलीच.

"शेट, माझी चुकली नाही. आली आहे. तेही कळवायचं असतं का?"

मामा, त्या ऑफिसात आपण दोन पुरुष. मी चर्चच्या शाळेत शिकलेला, तुम्ही दोन मुलींचे बाप. आणि दोघांनाही तोंड कुठे लपवावं कळेना. मी टेबलावरची बटणं रंगाप्रमाणे लावायला लागलो. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात. मग पिकदाण्यांबद्दल बोलायचात त्याच सुरात म्हणालात, "हो, कळवायचं. कळवलं की नियमाप्रमाणे त्या दिवशी प्रेसवर उभं राहायचं नाही. बसून कार्डं शिवायची. पगार कापला जात नाही."

ती "थँक्यू" म्हणून गेली. मी बटणं बाजूला सारली.

"कुठल्या कलमाखाली?"

"पोटनियम आहे," तुम्ही म्हणालात.

"कुठल्या नियमाचा?"

तुम्ही सायकलची क्लिप पायाला लावत होतात. "शेट, रबाळ्याहून माल आला का हो तुमचा?"

दाराबाहेर फिलोमिना ऐकत होती. "पोटनियम!" ती म्हणाली. "बरोबरच आहे की. पोटाचाच नियम." आणि मग ती हशाची दुसरी लाट उठली ती वाडीपलीकडे ऐकू गेली असेल. तेव्हापासून शेडमध्ये त्याला तेच नाव पडलं. "आज माझा पोटनियम आहे" एवढं म्हटलं की पुरे. कुणाला लाजायला नको, मला ऐकायला जड जायला नको. तो शब्द तुम्ही घाबरून बोललात की जाणून, हा माझा अजूनचा संशय आहे. चष्मा पुसताना तुम्ही फार वेळ घेतला होतात.

पण सगळं हसण्यावारी गेलं नाही, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही निघण्याआधीच हिराबाई परत आली. आता ती खरंच भडकली होती. बसून काम म्हणजे कुठे बसून? वेगळ्या टेबलाशी? तिच्या घरी सासूनं तिला त्या दिवसांत पडवीत बाजूला बसवलेलं, पाण्याला हात लावू न दिलेला. "घरी बाजूला बसतो ते कमी हाय काय? आता हितंबी बाजूला बसवनार? सगल्यांना कलावं म्हनून पाटी लावलीत. आमाला नको तुमची सवलत."

ख्रिस्ती घरात ही रीत नाही, मला ते सुचलंच नव्हतं. तुम्हाला मात्र तिचा रोख लगेच कळला. तुमच्या घरात ती रीत होती. तुमचा चेहरा पडला. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "हिराबाई, वेगळं टेबल नाही. मधल्या टेबलाशीच बसायचं, सगळ्यांबरोबर. जिला पोटात दुखतं तीपण आणि जिला दुखत नाही तीपण. कोण कशासाठी बसलंय ते विचारायचं नाही, असंच नियमात आहे."

"आत्ता नव्हतं," हिराबाई म्हणाली.

"दुरुस्ती आली," तुम्ही म्हणालात.

तीच ओळ पेंटरनं खाली वाढवली: "कळविल्यास त्या दिवशी मधल्या टेबलाशी बसून काम द्यावे. कारण विचारू नये. वेतन कापू नये." वरची घोळाची ओळ तुम्ही बदलू दिली नाहीत. शब्द बरोबर आहे म्हणालात.

मग आपला वाद सुरू झाला तो तुम्ही जाईपर्यंत चालला. मी कलम विचारायचो, तुम्ही दुरुस्तीत आहे म्हणायचात. मी पुस्तक मागायचो, तुम्ही नवीन आवृत्ती यायचीय म्हणायचात. एकदा मी सरळ म्हटलं, "मामा, तुम्ही थापा मारता." तुम्ही म्हणालात, "मग पाळू नका. तुमचा कारखाना आहे." मी दुसऱ्या दिवशी पाटीसमोर उभा राहिलो, आणि मधल्या टेबलाशी रोझी आणि हिराबाई शेजारी शेजारी बसून कार्डं शिवत होत्या. हिराबाई तिला वसईच्या बाजारातल्या सुकटीचा भाव सांगत होती. मी ऑफिसात परत आलो. वर्षानुवर्षं आपण त्या नियमावर बोललो, पण दोघांपैकी एकानंही तो शब्द एकदाही त्या अर्थानं तोंडातून काढला नाही. "तुमचा तो पोटनियम" म्हणायचो आणि बटणं चाळायचो. मोनिका म्हणायची, दोन म्हातारे नवऱ्यामुलासारखे लाजतात.

तुमच्या दहनाला मी होतो. गर्दीत मागे उभा राहिलो, तुमच्याकडची रीत माहीत नाही म्हणून. बाराव्याला सोपाऱ्याला घरी आलो तेव्हा मामी ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, मामांनी आम्हाला फार नियमात ठेवलं हो. मामी रडत होत्या त्या एकदम हसल्या. "घरात एक नियम पाळला नाही कधी. सासूबाई मला बाजूला बसवायच्या, तर हे येऊन माझ्या शेजारी बसायचे आणि जेवायला मागायचे. ओवळं झालं म्हणून सासूबाई दोघांवर ओरडायच्या."

तुम्ही हे मला कधीच सांगितलं नाहीत. आणि मी त्या दिवशी तुमचा पडलेला चेहरा पाहून, हा आता काहीतरी नवीन बनवणार, एवढंच मनात म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी तुमच्यासाठी मिस्सा सांगितली. फादर म्हणाले, कुणासाठी? मी म्हटलं, चुरी, सोपाऱ्याचे, आमचे कायद्याचे सल्लागार. फादरांनी मान वर केली. "ते मिस्सेची वेळ विचारायला आले होते ते?" त्यांनी नाव लिहून घेतलं.

तर काल तो पोरगा गेल्यावर मी हिराबाईला ऑफिसात बोलावलं. आता तीही थकली आहे, मधल्या टेबलाशी कायमची बसते. बाहेर प्रेस थांबलेलेच होते. सगळ्यांचे कान दाराशी, हे मला कळत होतं. मी तिला सरळ सांगितलं की तो नियम सरकारचा नाही. पाटी काढायला सांगितलीय.

मला वाटलं, ती भडकेल. ती समोर येऊन उभी राहिली, पहिल्या दिवशीसारखी.

"आमाला पयल्यापासून ठावं हाय."

"कशावरून?"

"सरकारचा असता तर बदलला असता," ती म्हणाली. "सगले बदलले. सुट्टी बदलली, हजेरी बदलली, बोनस बदलला. दर येळेला चुरी यायचा, दुरुस्ती आली म्हनून ओरडत. ह्यो एकच कदी बदलला नाय. तवाच कललं, ह्यो घरचा हाय."

मग म्हणाली, "आमाला वाटलं, तुमालाबी ठावं हाय. तुमी दोगं मिलून केलाय. म्हनून आमी बोललो नाय."

मामा, इतकी वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला, आणि या बायका माझ्यावर घेत होत्या, चांगलं केल्याचा! असा आळ माझ्यावर याआधी कुणी घेतला नव्हता. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. तुमचीच सवय लागली म्हणायची.

आज सकाळी पेंटरला बोलावला. निळा रंग उडाला होता, अक्षरं पुसट झाली होती. तोच पेंटर, आता मुलाच्या हाताला धरून येतो. जुनी पाटी बघून म्हणाला, "शेट, ही वरची ओळ... लोक हसतात. पाळीऐवजी शिफ्ट लिहू?"

"नको," मी म्हटलं. "शब्द बरोबर आहे. पाळी म्हणजे पाळी."

तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला. प्रेसवर कुणीतरी फिसकन हसलं.

त्यानं सगळं रंगवलं आणि खाली येऊन थांबला. बाकीच्या प्रत्येक पाटीखाली कायद्याचं कलम आहे, तुम्हीच लिहवून घेतलेलं. फक्त हिच्याखालची जागा तुम्ही इतकी वर्षं कोरी ठेवली होती. "इथे कलम कुठलं टाकू?" तो म्हणाला. "नवीन साहेब विचारतील ना."

मी तुमची वाट पाहत असल्यासारखं दाराकडे बघितलं. मग त्याला सांगितलं.

"पोटनियम," मी म्हटलं. "नंबर नको. खाली लिही, चुरी."